व्हिडिओ, जालपृष्ठातील

व्हिडिओ, जालपृष्ठातील : इंटरनेटवरील पृष्ठाच्या मजकुरातच बसविलेले व तेथेच पाहता येणारे चलच्चित्र. एकच व्हिडिओ सर्व ब्राउझरांत (जालपृष्ठे दाखविणाऱ्या आज्ञावलींत) व भ्रमणध्वनींवर चालावा, ही यातील मुख्य समस्या होय.

चित्रमालिकेतील माहिती फार मोठी असल्याने तिचे संक्षेपण करावे लागते. संक्षेपणाच्या व पुढे चित्र पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीस ‘कोडेक’, तर चित्र व ध्वनी एकत्र ठेवणाऱ्या फाइलरचनेस ‘धारक’ म्हणतात. एमपी४ हा धारक असून त्यात बहुधा एच.२६४ (२००३) हा कोडेक वापरतात. धारक ओळखीचा असूनही आतील कोडेक अपरिचित असल्यास व्हिडिओ चालत नाही.

आरंभी ब्राउझरांत व्हिडिओची अंगभूत सोय नव्हती. त्यासाठी वेगळी जोड-आज्ञावली बसवावी लागे. २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबने फ्लॅश या आज्ञावलीचा आधार घेतला. मात्र २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नसे. त्याच वर्षी ऑपेरा कंपनीने ‘व्हिडिओ’ या स्वतंत्र खुणेचा प्रस्ताव मांडला. ती खूण एचटीएमएल ५ या मानकात समाविष्ट झाली व २०१४ मध्ये त्या मानकास अंतिम मान्यता मिळाली.

खुणेवर एकमत झाले, तरी कोडेकवर झाले नाही. एच.२६४ एकस्वांनी (पेटंटांनी) बद्ध होता. सफारीने तो स्वीकारला. फायरफॉक्सने २००९ मध्ये मुक्त थिओरा कोडेक पसंत केला. गूगलने २०१० मध्ये वेबएम हे मुक्त स्वरूप पुढे आणले. परिणामी मानकात कोणताही कोडेक अनिवार्य ठरला नाही. पुढे फायरफॉक्सनेही एच.२६४ची सोय केल्याने तोच सर्वाधिक प्रचलित झाला.

यावरील उपाय म्हणजे एका खुणेत एकाच व्हिडिओची अनेक रूपे क्रमाने देणे. ब्राउझर त्यांपैकी आपणास चालविता येईल असे पहिले रूप निवडतो; म्हणून क्रमास महत्त्व असते. सर्व्हरने फाइलीचा प्रकार अचूक कळविणे व तिचा मागितलेला तुकडा पाठविणे आवश्यक असते. तुकडे न मिळाल्यास आयफोनवर व्हिडिओ सहसा चालत नाही. एमपी४ची अंतर्गत सूची फाइलीच्या आरंभी असल्यास संपूर्ण फाइल येण्यापूर्वीच चित्र दिसू लागते.

भ्रमणध्वनींवर ध्वनीसह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सामान्यतः रोखला जातो. निःशब्द असल्यास त्यास बहुधा मुभा असते. आयफोनवर व्हिडिओ पूर्ण पडद्यावर न जाता पृष्ठातच चालावा, यासाठी खुणेत तशी सूचना द्यावी लागते. सफारीत ही सोय २०१६ पासून आहे.

३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपुष्टात आला आणि केवळ त्यावर विसंबलेली असंख्य पृष्ठे मूक झाली. ज्यांनी मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या, त्यांना त्या नव्या स्वरूपात आणता आल्या. म्हणून दाखविण्याची प्रत कोणत्याही स्वरूपात असली, तरी उत्तम दर्जाची मूळ प्रत वेगळी जतन करणे श्रेयस्कर ठरते.