डी. वाय. पाटील म्हणजे नेमके कुठले?

लेखमाला : नोंदीच्या पोटात – भाग 6

'डी. वाय. पाटील कॉलेज' एवढंच सांगून रिक्षात बसलं, तर रिक्षावाला विचारणारच, "पिंपरीचं की आकुर्डीचं?" पिंपरीत अभिमत विद्यापीठ आहे, आकुर्डीत अभियांत्रिकी महाविद्यालय. त्याच नावाच्या संस्था नेरुळला आहेत, कोल्हापुरातही आहेत. रिक्षावाला निदान विचारतो तरी. शोधनिबंधांच्या जागतिक सूच्या लेखकाने नावाखाली जे टंकलं तेच उचलतात. 'डॉ.' लावलं की गाळलं, ट्रस्टचं नाव आधी घातलं की नाही, पुणे लिहिलं की पिंपरी, एवढ्यावरून एकाच संस्थेच्या चार होऊ शकतात.

हा गुंता सोडवायचं काम आता महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे आलं आहे. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी शोधनिबंध मोजते ती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूच्यांवरून. भलत्याच नावावर गेलेला निबंध मोजणीतून निसटू शकतो. म्हणून प्राध्यापकांना संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक घ्यायला लावायचं, विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'इरिन्स' या संकेतस्थळावरची त्यांची पानं तपासायची. 'पाटील, एस. एस.' नावाची माणसं महाराष्ट्रात किती असतील! त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचे अर्धे निबंध एका नावावर, अर्धे दुसऱ्यावर. संस्थांना ऑर्किडसारखे क्रमांक देणारी 'रोर' ही नोंदवही 2019 मध्ये सुरू झाली.

ग्रंथपालाच्या याच टेबलावर पूर्वी तालिकापत्रं (कॅटलॉग कार्डं) लिहिली जात. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक, मग ड्युईचा वर्गांक, मग पत्र. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम यांनी त्या पत्रावरची माहिती संगणकाला वाचता येईल अशा 'मार्क' साच्यात बसवली. आपल्याकडे 1991 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात प्रकल्प म्हणून इन्फ्लिबनेट जन्मलं, 1996 मध्ये स्वतंत्र झालं आणि त्याच्या 'सोल' प्रणालीने महाविद्यालयांत संगणकीय तालिका नेली. आज कोहा किंवा सोल या ग्रंथालय प्रणालींमधून थर्मोडायनॅमिक्सच्या परदेशी पुस्तकाची तयार नोंद उतरवून घेता येते. तालिकाकाराचं काम संपलं असं वाटावं, इतकं ते सोपं झालं आहे.

मराठी पुस्तक हाती आलं की मात्र हा सोपेपणा आटतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय 1962 पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतं आणि त्यांच्या नोंदी करतं. पण त्या रोमन लिपीत, ठरीव नियमांनी. त्या नियमांत 'च'साठी 'सीएच' नाही, नुसता 'सी', आणि 'चिंचवड'च्या शेवटचा 'अ'सुद्धा लिहायचा. गावच्या पाटीवरचं स्पेलिंग टंकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे 'काहीही आढळलं नाही' येतं. देवनागरी शीर्षक जोडायचं, प्रचलित स्पेलिंगवरून मूळ नोंदीकडे वाट काढून द्यायची, हे काम इथल्याच कुणीतरी करायला हवं.

पिंपरीचं स्वतःचं विज्ञानही असंच दडून बसलं आहे. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीविरोधी हॅमायसिन शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव थेट जीवशास्त्राच्या लॅटिनमध्ये! कंपनी 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे नियतकालिकही काढत असे आणि त्यातल्या जुन्या लेखांच्या नोंदी पबमेड या वैद्यकीय सूचीवर मिळतात. पण बऱ्याच नोंदींत शीर्षक, लेखक, अंक, पानं, बस. लेखकाची संस्था नोंदवायची पद्धत तिथे 1988 पासूनची. त्यामुळे 'पिंपरी' टंकणाऱ्याच्या हाती हे साठच्या दशकातलं काम सहसा लागत नाही. क्रमवारीसाठी प्राध्यापकांची पानं सजवण्याइतकाच वेळ एखाद्या स्थानिक ग्रंथालयाने या बुलेटिनच्या लेखसूचीला दिला, तर तो अधिक सत्कारणी लागेल. गुण मात्र त्याला मिळणार नाहीत, हेही खरं.

नव्या मालाची अडचण निराळी आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रकल्प करतात आणि त्याचं 'ब्लॅक बुक' बांधून कॉलेजात देतात. वेल्डिंग फिक्स्चर, प्रेस टूल, पेंट शॉपमधला अपव्यय: या पट्ट्याच्या कामाची इतकी बारीक माहिती छापील पुस्तकांत क्वचितच सापडते. ती डीस्पेससारख्या भांडारात चढवायची तर कंपनी आधी गोपनीयतेचा करार पुढे करते. मग मजकूर काही वर्षं बंद आणि नोंद तेवढी खुली, असा मधला मार्ग निघतो. तोही पुरत नाही. कारण ज्या गाडीच्या भागाचा नंबर आणि गिऱ्हाईकाचं नाव झाकायचं असतं, ते विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने शीर्षकातच घातलेलं असू शकतं. अशा वेळी प्रकल्पाच्या मार्गदर्शकाला आणि कंपनीला विचारून नोंदीपुरतं वेगळं शीर्षक ठरवणं ग्रंथपालाच्याच वाट्याला येतं.