मंठ्याने न निवडलेला राज्यपाल

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८३९ साली गव्हर्नरपदासाठी मतदान झाले, तेव्हा १,०२,०६६ मतांपैकी मार्कस मॉर्टन यांना ५१,०३४ मते पडली. बहुमताला नेमकी तेवढीच लागत होती. गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांनी वाद न वाढवता खुर्ची सोडली. मराठवाड्यातील मंठ्याच्या वाट्याला असा दिवस कधी आला नाही. निजामी राजवटीत परभणी जिल्ह्यात असलेल्या या गावाने सप्टेंबर १९४८ नंतर लष्करी गव्हर्नर मेजर जनरल चौधरी पाहिले, पुढे राजप्रमुख म्हणून पुन्हा निजाम मीर उस्मान अली खान आणि १९५६ पासून मुंबई राज्याचे राज्यपाल. मंठेकरांचे मत पेटीत पडले ते १९५२ मध्ये विधानसभेसाठी. त्या निवडणुकीतून बुर्गुला रामकृष्ण राव हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले.

घटना समितीने मात्र जुलै १९४७ मध्ये राज्यपालही प्रौढ मतदानानेच निवडायचे ठरवले होते. सरदार पटेलांच्या समितीची ती शिफारस होती. मे १९४९ मध्ये घटना समितीने ती फिरवली आणि नेमणूक स्वीकारली. हा बदल योग्यच होता. मॉर्टन स्वतः कारभार चालवणार होते. आपल्याकडे कारभार मंत्रिमंडळाचा आणि ते विधानसभेला जबाबदार. राज्यपालही निवडून आले असते तर जनतेचा कौल आपल्याच मागे आहे, असे दोघेही म्हणाले असते.

यावर कोणी म्हणेल, राज्यपाल नामधारीच असतील तर त्यांची चिंता मंठ्याने का करावी? करावी, कारण मराठवाड्यापुरते ते नामधारी नाहीत. अनुच्छेद ३७१(२) नुसार विकासनिधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी त्यांच्यावर टाकता येते. १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले. सिंचनाच्या अनुशेषाचे निर्देश राजभवनातून निघू लागले. निवडून आलेल्या सरकारचा हात यात बांधला जातो, हा आक्षेप खरा आहे. पण दूरच्या तालुक्यांचा वाटा निव्वळ आमदारांच्या संख्याबळावर सोडला तर काय होते, हे अनुशेषाने दाखवलेच होते. मतपेटी नको, तर उत्तरदायित्व हवे. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. एप्रिल २०२० मध्ये मंडळाची मुदत संपली आणि हा धागाही तुटला. निवडणुकीचा विषय काढण्याआधी तो अहवाल, आकड्यांसह, पुन्हा सभागृहात आला पाहिजे.