मत्स्यपेटी आणि तिची गाळणी

काही वर्षांपूर्वी आम्ही आपल्या सातवीच्या वर्गात काचेची एक मत्स्यपेटी ठेवली. तीत आठ गप्पी आणि दोन गोल्डफिश होते. एका रविवारी आम्ही मोठ्या उत्साहाने पेटी रिकामी केली, वाळू खळखळून धुतली, गाळणीचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळला आणि ताजे पाणी भरले. सोमवारी मुले खूश झाली. गुरुवारपर्यंत सहा मासे मेले. एका मुलीने विचारले, "सर, पाणी तर इतके स्वच्छ होते, मग मासे का मेले?" "मासेच अशक्त असतील," असे आम्ही सांगून टाकले. हे उत्तर खोटे होते. खरे उत्तर आम्हांस पुढे अभ्यासाने कळले. तेच येथे मांडीत आहोत.

दिसायला निर्मळ असलेले पाणी माशाला निर्धोक असतेच असे नाही. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला विषासारखा बाधतो. नदी-तळ्यात पाणी अमाप असल्याने तो विरून जातो. आपल्या पेटीत तो कोठे जाणार?

येथे सूक्ष्म जीवाणू मदतीला येतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ह्या जीवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही असतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. नायट्राइटही घातक आहे. त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलले की आटोक्यात राहते.

हे जीवाणू मुख्यतः स्पंज, वाळू आणि दगड यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. म्हणून गाळणीची कामे दोन आहेत: कचरा अडविणे आणि जीवाणूंना घर व प्राणवायू देणे. दुसरे काम अधिक मोलाचे. आम्ही त्या रविवारी स्पंज आणि वाळू धुताना नेमकी ही वस्तीच उधळून लावली. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेसुरले जीवाणू मारले.

आता निवड कशी करावी ते पाहू. प्रथम पेटीचे माप घ्यावे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि १००० ने भागावे. ६० × ३० × ३० ची पेटी ५४ लिटरची भरते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर उरते. तासाभरात हे पाणी चार-पाच वेळा गाळणीतून फिरावे, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे तासाला १८० ते २२५ लिटर. परंतु खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या पंपाचा असतो. स्पंजात गाळ साचला की ओघ मंदावतो. तेव्हा ३०० च्या आसपासचा पंप घेणे शहाणपणाचे.

लहान पेटीत गप्पी किंवा फायटर असतील तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर उत्तम. तो स्वस्त असतो आणि त्याचा ओघही सौम्य असतो. फायटरला जोराचा प्रवाह मानवत नाही. मध्यम पेटीला काठावर अडकविण्याची गाळणी सोयीची. शंभर लिटरांच्या पुढे बाहेर ठेवावयाची डबाबंद गाळणी परवडत असल्यास घ्यावी. गोल्डफिश घाण फार करतो आणि वीतभर वाढतो; त्याला पेटी मोठी आणि गाळणी दुप्पट ताकदीची हवी. आमच्या पेटीत त्यांची जोडी ठेवणे हीही चूकच होती.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवी पेटी स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे आणि अन्न त्याहून थोडे. एखाद्या स्नेह्याच्या निरोगी पेटीतील जुना स्पंज मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नवे पाणी घालण्यापूर्वी त्यातील क्लोरीन औषधाने घालवावा. आणि गाळणी रात्रंदिवस चालू ठेवावी; वीज बराच वेळ गेल्यास डबाबंद गाळणीतील साचलेले पाणी फेकून मगच ती सुरू करावी, कारण प्राणवायूवाचून आतले जीवाणू गुदमरतात.

पुढच्या वर्षी आम्ही पेटी पुन्हा मांडली. ती मुलगी तोवर आठवीत गेली होती. तिला बोलावून आम्ही सांगितले, "मासे अशक्त नव्हते, चूक आमची होती." तिने सर्व नीट ऐकून घेतले. मग बाह्या सावरून तिने बादलीतल्या जुन्या पाण्यात स्पंज अलगद पिळला आणि म्हणाली, "सर, थोडा मळ राहू देऊ ना?"

आम्ही म्हटले, "राहू दे."