बंदराची नाडी

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, भाताच्या बांध्या आणि पूर्वजांनी बांधलेले असंख्य तलाव हेच या जिल्ह्याचे जलवैभव होय. मुंबईचा किनारा येथून लोहमार्गाने सुमारे ९०० किलोमीटर दूर आहे, आणि पूर्वेचा समुद्रही काही जवळ नाही. असे असूनही बंगालच्या उपसागरावरील एका मोठ्या बंदराच्या जन्मकथेत या जिल्ह्याचा वाटा आहे. त्या बंदरातील एक घटका वाया गेली, तर तिची झळ दूरवरच्या खाणीला आणि शेताला लागू शकते. ही झळ कशी लागते, आणि बंदराचा कारभार नीट चालला आहे की नाही हे कशावरून ओळखावयाचे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचे खनिज म्हणजे काळा, वजनदार दगड. पोलाद तयार करताना त्यात मँगनीज घातले म्हणजे पोलादाला बळकटी व चिवटपणा येतो. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचा उपयोग विजेच्या कोरड्या घटांसाठीही होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मध्य प्रांतातील नागपूर, भंडारा, बालाघाट आदी जिल्ह्यांतून हे खनिज परदेशांतील पोलादाच्या कारखान्यांकडे जाऊ लागले. परंतु दगडासारखा जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त असा हा माल मुंबईपर्यंत किंवा कलकत्त्यापर्यंत नेण्यातच त्याच्या किमतीचा मोठा भाग खर्ची पडे. जवळचे बंदर हवे, ही गरज त्यातून निर्माण झाली.

ती गरज विशाखापट्टणमने भागविली. १९३१ मध्ये रायपूर ते विजयनगरम् हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि मध्य प्रांताला पूर्व किनाऱ्याची जवळची वाट मिळाली. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंधिया कंपनीचे ‘जलदुर्गा’ हे जहाज विशाखापट्टणमच्या नव्या बंदरात शिरले, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. खाडीतील दलदल उपसून हे बंदर घडविण्यात आले होते. समुद्राच्या प्रवाहाबरोबर येणाऱ्या वाळूने प्रवेशमार्ग बुजू नये, म्हणून दोन जुनी जहाजे मुद्दाम बुडवून त्यांचा बांध करण्यात आला. आरंभीच्या काळात येथून बाहेर जाणाऱ्या मालात मँगनीजला प्रमुख स्थान होते.

बंदर बांधून झाले म्हणजे काम संपत नाही. खरे काम तेथूनच सुरू होते. भंडाऱ्यातील कोणत्याही रेल्वे मालधक्क्यावर याचे लहानसे रूप दिसते. मालगाडीचे डबे ठरलेल्या मुदतीत रिकामे झाले नाहीत, तर व्यापाऱ्याला ‘डॅमरेज’ भरावे लागते. जहाजाचेही तसेच आहे. मोठ्या मालवाहू जहाजाचे एका दिवसाचे भाडे ही फार मोठी रक्कम असते. ते जहाज धक्का मिळण्याची वाट पाहत समुद्रात नांगर टाकून उभे राहिले, तर त्या प्रत्येक दिवसाचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. जहाजवाला तो व्यापाऱ्यावर घालतो, व्यापारी तो मालाच्या किमतीत धरतो, आणि शेवटी खाणीतील खनिजाला किंवा शेतातील धानाला तितका भाव कमी मिळतो. समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसाच्या मिळकतीवर बंदरातील विलंबाचा परिणाम होतो, तो असा.

म्हणून बंदराच्या व्यवस्थापकाला वैद्याप्रमाणे आपल्या बंदराची नाडी पाहावी लागते. ही नाडी म्हणजे कामगिरी दाखविणारे आकडे, अर्थात निदर्शक. संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापार व विकासविषयक संस्थेने १९७६ मध्ये बंदरांच्या अशा निदर्शकांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी मुख्य निदर्शक समजण्यास कठीण नाहीत. जहाज बंदराशी येऊन पोहोचल्यापासून निघून जाईपर्यंतचा काळ हा त्याचा एकूण मुक्काम. त्यात धक्का मिळेपर्यंत थांबावे लागते तो प्रतीक्षाकाल. धक्क्याला लागल्यावरही ज्या काळात मालाची चढउतार होत नाही, तो निष्क्रिय काल. धक्क्यावरील एका दिवसात एका जहाजावर जितके टन माल चढतो किंवा उतरतो, ते त्याचे दैनिक काम. आणि शंभर तासांपैकी जितके तास धक्का जहाजांनी व्यापलेला असतो, ती त्या धक्क्याची व्याप्ती.

हे आकडे निरनिराळे का ठेवावयाचे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका जहाजाचा एकूण मुक्काम ९६ तासांचा झाला. एवढ्यावरून व्यवस्थापकाला फारसा बोध होत नाही. परंतु नोंदवही उघडून पाहिल्यावर दिसले की, त्यांपैकी ४० तास प्रतीक्षेत, ३६ तास प्रत्यक्ष कामात आणि २० तास धक्क्यावर निष्क्रिय गेले. त्या २० तासांची अधिक फोड केली तेव्हा आढळले की, ४ तास पावसामुळे, ४ तास यारी बिघडल्यामुळे आणि १२ तास रेल्वेचे डबे वेळेवर न आल्यामुळे फुकट गेले. आता उपाय आपोआप समोर येतो. आकडे न पाहता नवी यारी विकत घेतली असती, तर मोठा खर्च होऊनही बारा तासांचा विलंब तसाच राहिला असता. येथे यारीपेक्षा गाड्यांच्या वेळापत्रकाची दुरुस्ती अधिक उपयोगी ठरणार. दुखणे कोठे आहे हे कळल्यावाचून दिलेले औषध व्यर्थ जाते, ही गोष्ट बंदरालाही लागू आहे.

बंदरात एकाच वेळी किती जहाजे असतील, हेही हिशेबाने सांगता येते. भंडाऱ्यातील मालगुजारी तलावांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला हा हिशेब चटकन समजेल. तलावात येणारे पाणी तेवढेच राहिले आणि बाहेर जाणारी वाट अरुंद झाली, तर पातळी चढत जाते. त्याचप्रमाणे रोज ६ जहाजे येत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम २ दिवस असेल, तर बंदरात सरासरी १२ जहाजे राहतील. मुक्काम ४ दिवसांवर गेला, तर येणारी जहाजे तेवढीच असूनही ही संख्या २४ होईल. म्हणजे मुक्काम निम्म्यावर आणणे हे बंदराची जागा दुप्पट करण्यासारखेच आहे, आणि त्यासाठी नवा धक्का बांधावा लागत नाही.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. धक्का कधीही रिकामा राहू नये, सदैव जहाजांनी भरलेला असावा, हेच उत्तम नव्हे काय? वरवर पाहता तसे वाटते, परंतु गणित निराळेच सांगते. डेन्मार्कमधील एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून दूरध्वनीच्या तारांवर होणाऱ्या गर्दीचा अभ्यास केला. त्यातून रांगांचे शास्त्र उदयास आले, आणि ते बंदरांनाही लागू पडते. जहाजे घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी दिवसभर एकही येत नाही. त्यांच्यावरील कामालाही कमीजास्त वेळ लागतो. अशा स्थितीत एकच धक्का असेल आणि तो निम्मा वेळ व्यापलेला असेल, तर जहाजाला सरासरी एका जहाजाच्या कामाइतका वेळ थांबावे लागते. तोच धक्का शंभरांपैकी नव्वद तास व्यापलेला असेल, तर प्रतीक्षा नऊ जहाजांच्या कामाइतकी होते. व्याप्ती दुपटीपेक्षा कमी वाढली, पण प्रतीक्षा नऊपट झाली! म्हणून धक्क्यावर थोडा मोकळा वेळ राखणे हा आळस नसून दूरदृष्टी आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. एकच आकडा हाती धरून चालणारा व्यवस्थापक फसतो. केवळ व्याप्ती पाहिली, तर गर्दीने गुदमरलेले बंदर उत्तम वाटेल. केवळ टनांचा आकडा पाहिला, तर खनिजाचा धक्का नेहमीच कापसाच्या धक्क्याहून कर्तबगार दिसेल, कारण दगड कापसाहून जड असतो. सरासरीही दिशाभूल करू शकते. दहा जहाजांपैकी नऊ जहाजे एकेका दिवसात गेली आणि दहावे अकरा दिवस अडकले, तर सरासरी मुक्काम दोन दिवसांचाच येतो. पण त्या दहाव्या जहाजावर ज्याचा माल होता, त्याला या सरासरीने काय समाधान मिळणार?

याहूनही मोठा धोका नोंद कोठून सुरू करावयाची यात असतो. जहाज धक्क्याला लागल्यापासूनच मुक्काम मोजला, तर समुद्रात थांबलेल्या जहाजांची प्रतीक्षा कागदावरून नाहीशी होते. आकडा सुंदर होतो, परंतु जहाजे थांबलेलीच राहतात. नाडी चुकीची सांगून रोग बरा होत नाही. म्हणून प्रत्येक निदर्शकाची व्याख्या आधी ठरवावी, ती सर्वांना सारखी लावावी आणि नोंद प्रामाणिकपणे करावी, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

पूर्वी या नोंदी कारकून मोठ्या वह्यांत करीत. आता त्यांचा बराच भाग यंत्रे करतात. महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरवर, म्हणजे मालाच्या लोखंडी पेट्यांवर, रेडिओलहरींनी ओळख पटविणारी लहानशी चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू झाली. पेटी बंदराच्या दरवाजातून किंवा रस्त्यावरील नाक्यावरून गेली की तिची वेळ आपोआप नोंदली जाते. माल कोठे किती वेळ थांबला, हे त्यामुळे व्यापाऱ्याला घरबसल्या कळते. नोंद करणारे साधन बदलले, तरी तिच्याकडे बघणारी बुद्धी माणसाचीच लागते.

अशा निरीक्षणाला उपाययोजनेची जोड मिळाली, म्हणजे फळ दिसते. भारताच्या प्रमुख बंदरांत जहाजाचा सरासरी मुक्काम २०१३-१४ मध्ये सुमारे ९४ तास होता. २०२३-२४ मध्ये तो ४८ तासांच्या आसपास आला. नवी यंत्रे, खोल केलेले मार्ग आणि सुटसुटीत कागदपत्रे यांचा त्यात वाटा आहे. मात्र कोठे काय हवे हे मोजमापावाचून समजले नसते. जागतिक बँकेने कंटेनर बंदरांच्या कामगिरीची जी क्रमवारी लावली, तिच्यात विशाखापट्टणम २०२२ मध्ये ११५ वे होते, ते २०२३ मध्ये १९ वे झाले. ही गोष्ट अभिमानाची आहे. तथापि ही क्रमवारी केवळ कंटेनरच्या जहाजांनी बंदरात घालविलेल्या वेळेची आहे. खनिजाच्या धक्क्यांविषयी ती काहीच सांगत नाही. वर सांगितलेला नियम येथेही विसरता कामा नये.

काळाच्या ओघात व्यापाराची दिशाही बदलली आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली आणि आज मॉयल या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी चालविते. तिचे खनिज आता मुख्यतः देशातील कारखान्यांना पुरविले जाते. एके काळी ज्या विशाखापट्टणम बंदरातून मध्य भारताचे मँगनीज बाहेर जात होते, तेथेच आता परदेशांतील मँगनीज उतरते. माल बदलला, त्याची वाट उलटी झाली. परंतु वाया गेलेल्या वेळेची किंमत मात्र बदलली नाही.

तलावाचे पाणी राखणारा जाणता शेतकरी बांधावर उभा राहून पातळी पाहतो, पाटाचे तोंड तपासतो आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचले की नाही याची चौकशी करतो. तलाव काठोकाठ भरला आहे, एवढ्यावर तो समाधान मानीत नाही, कारण तलाव शेतासाठी आहे हे त्याला ठाऊक असते. बंदरही आकड्यांसाठी नसून त्यामागे राबणाऱ्या माणसांसाठी असते. ज्या व्यवस्थापकाला आकड्यांच्या रांगेतून शेवटच्या बांधीवरचा शेतकरी आणि खाणीतला कामगार दिसतो, त्यालाच बंदराची नाडी खऱ्या अर्थाने कळली, असे म्हणता येईल.