आरोग्य विमा : डिस्चार्ज सकाळी, सुटका रात्री!

रुग्ण बरा होतो, डॉक्टर घरी जाण्याची परवानगी देतात. मात्र विमा कंपनीचा होकार येईपर्यंत खाट काही सुटत नाही. हा विलंब दूर करण्यासाठी रुग्णालये आणि विमा कंपन्या यांच्यातील माहितीची देवाणघेवाण एकाच संगणकीय मार्गाने करण्याचा प्रयत्न देशात सुरू झाला आहे. त्याचा लाभ महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरताच राहणार, की कन्हेरीसारख्या गावातील रुग्णापर्यंत पोहोचणार, याचा हा वेध.

- प्रतिनिधी

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव राज्याला ठाऊक आहे ते तेथील मारुतीमुळे. पवार कुटुंबीयांच्या निवडणूक प्रचाराचा नारळ या मारुतीसमोर फुटतो, तेव्हा वृत्तवाहिन्यांच्या गाड्या गावात येतात. एरवी कन्हेरी हे शेतीवर जगणारे, इतर चार गावांसारखेच गाव. दुखणे किरकोळ असेल तर ते गावात किंवा बारामतीत निभावते. गंभीर असेल तर पुणे गाठावे लागते.

अशा गावातील दोन घरांची कल्पना करावी. पहिल्या घरातील वृद्ध शेतकऱ्याकडे शिधापत्रिका आहे. त्याच्या उपचारांचा खर्च राज्य शासनाच्या योजनेतून होणार आहे. दुसऱ्या घरातील मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या कंपनीने काढलेल्या समूह विम्यात आईचाही समावेश आहे. दोघांनाही हृदयविकाराचा त्रास होतो, दोघांवरही सारखीच शस्त्रक्रिया होते. रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र ही दोन सर्वस्वी भिन्न प्रकरणे ठरतात. अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळे, कागदपत्रे वेगळी आणि मंजुरीची पद्धतही वेगळी. आरोग्य विम्याच्या कारभारातील गुंतागुंतीचे मूळ नेमके येथे आहे.

दाव्याचा प्रवास

भारतात ‘मेडिक्लेम’ या नावाने आरोग्य विमा १९८६ मध्ये सुरू झाला. त्या काळी रुग्णाने आधी पदरचे पैसे भरायचे आणि नंतर पावत्यांची चळत विमा कंपनीकडे सादर करायची, असा शिरस्ता होता. २००१ मध्ये विमा नियामकाने ‘टीपीए’ या मध्यस्थ संस्थांसाठी नियम केले आणि रोकडरहित, म्हणजेच ‘कॅशलेस’ उपचारांची वाट मोकळी झाली. रुग्णाच्या खिशावरील भार हलका झाला. मात्र कागदपत्रांचा भार रुग्णालयाच्या विमा कक्षाकडे सरकला.

कॅशलेस उपचारांत माहितीची देवाणघेवाण साधारणपणे पाच टप्प्यांत होते. रुग्णाची पॉलिसी चालू आहे काय आणि तिच्यात किती रक्कम शिल्लक आहे, याची पडताळणी हा पहिला टप्पा. आजार, उपचार आणि अंदाजे खर्च कळवून पूर्वमंजुरी मागणे हा दुसरा. उपचारांदरम्यान खर्च वाढल्यास वाढीव मंजुरी घेणे हा तिसरा. रुग्णाला घरी सोडताना अंतिम बिल व डिस्चार्ज कार्ड पाठवून अंतिम मंजुरी मिळविणे हा चौथा आणि कंपनीने रुग्णालयाच्या खात्यात पैसे जमा करणे हा पाचवा.

या प्रत्येक टप्प्यावर विमा कंपनी शंका विचारू शकते. विमा कक्षाच्या भाषेत हिला ‘क्वेरी’ म्हणतात. रक्तदाबाचा त्रास किती वर्षांपासून आहे, अमुक तपासणीचा अहवाल का जोडला नाही, आधार कार्डावरील आणि पॉलिसीवरील नाव सारखे का नाही, अशा या शंका असतात. शेवटची शंका वरवर क्षुल्लक वाटते. परंतु ग्रामीण भागात ती वारंवार उद्भवते. एका कागदावर ‘लक्ष्मी’, दुसऱ्यावर ‘लक्ष्मीबाई’. एकीकडे माहेरचे आडनाव, दुसरीकडे सासरचे. जन्मतारीख ठाऊक नसल्याने सर्रास लिहिलेली १ जानेवारी किंवा १ जून. माणसाला सहज उमगणारी ही तफावत संगणकाला उमगत नाही आणि फाइल अडते.

अर्जाचा नमुना एक, वाटा अनेक

सर्व कंपन्यांचे अर्ज एकसारखे असावेत, हा विचार नवा नाही. विमा नियामकाने फेब्रुवारी २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून पूर्वमंजुरीचा अर्ज, दाव्याचा अर्ज, डिस्चार्ज कार्ड आणि बिल यांचे प्रमाणित नमुने ठरवून दिले. कागदावर एकसूत्रता आली. पण तो कागद पाठविण्याच्या वाटा निरनिराळ्याच राहिल्या. कोणाला ई-मेल, कोणाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंद, तर कोणाला स्कॅन केलेल्या प्रती. दहा-वीस कंपन्या आणि टीपीएंशी करार असलेल्या रुग्णालयात कर्मचाऱ्याला तितकेच पासवर्ड सांभाळावे लागतात आणि तीच माहिती पुन:पुन्हा टंकित करावी लागते.

स्कॅन केलेले कागद हे संगणकाच्या लेखी निव्वळ छायाचित्र असते. त्यातील आजाराचे नाव, औषधांची रक्कम, दाखल झाल्याची तारीख पलीकडच्या माणसाने वाचून पुन्हा संगणकात भरायची असते. म्हणजे कागद विजेच्या वेगाने पोहोचला तरी काम मात्र माणसाच्या वेगानेच होते. केवळ संगणकीकरण म्हणजे सुलभीकरण नव्हे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. पाठविणारा आणि स्वीकारणारा यांची भाषा एक झाली, तरच सुलभता येते.

अमेरिकेने हा धडा आधी घेतला. तेथे १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यान्वये दावा, पात्रतेची चौकशी, पूर्वमंजुरी आणि रकमेचा तपशील या साऱ्यांसाठी देशभर एकच इलेक्ट्रॉनिक साचा बंधनकारक करण्याचे ठरले. प्रत्यक्ष अंमलबजावणीस मात्र त्यानंतर कित्येक वर्षे लागली.

राज्याच्या योजनेचा अनुभव

महाराष्ट्राला असा अनुभव अगदीच अपरिचित नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पुण्यासह उर्वरित राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, तर २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी एकत्रितपणे राबविली जाऊ लागली. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी ती खुली झाली आणि संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपये करण्यात आली.

या योजनेत आरंभापासूनच पूर्वमंजुरी ऑनलाइन घेतली जाते. रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहून रुग्णाची नोंद करतो, डॉक्टर ठरलेल्या यादीतून उपचार निवडतात आणि प्रस्ताव संगणकावरून पुढे जातो. प्रत्येक उपचाराला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाला निश्चित दर आहे. त्यामुळे खोलीचे भाडे किती, हातमोजे बिलात धरायचे की नाही, यावर खल होत नाही. कन्हेरीच्या त्या शेतकऱ्याचे प्रकरण या मार्गाने सरळ जाऊ शकते, ते त्यामुळेच.

परंतु याच योजनेने दुसराही धडा दिला. मंजुरी वेळेत मिळूनही पैसे थकल्याच्या तक्रारी खासगी रुग्णालयांनी वेळोवेळी केल्या आहेत. माहितीचा रस्ता गुळगुळीत केला म्हणजे पैशांचा रस्ताही आपोआप मोकळा होतो, असे नाही.

टपालघर, पण पाकीट न उघडणारे

खासगी विम्यासाठी अशीच एकसूत्रता आणण्याच्या हेतूने राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि विमा नियामक यांनी ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्सचेंज’ हा उपक्रम पुढे आणला. जून २०२३ मध्ये नियामकाने विमा कंपन्यांना त्यात सामील होण्याची सूचना केली. याचे स्वरूप मध्यवर्ती टपालघरासारखे आहे. रुग्णालयाने दावा एकाच ठिकाणी टाकायचा; तो कोणत्या कंपनीचा आहे हे पाहून योग्य त्या पत्त्यावर पोहोचविण्याचे काम एक्सचेंजचे. कंपनीचे उत्तरही त्याच वाटेने परत येते.

विशेष म्हणजे हे टपालघर पाकीट उघडत नाही. रुग्णाचा आजार, तपासण्या, बिल हा सर्व मजकूर सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असतो आणि तो उघडण्याची किल्ली केवळ ज्याच्या नावे तो पाठविला आहे त्याच्याकडेच असते. एक्सचेंज वाचते ते फक्त पाकिटावरचा पत्ता. दाव्याचा निवाडाही ते करीत नाही. मंजुरी द्यायची की नाकारायची, हा निर्णय पूर्वीप्रमाणेच विमा कंपनीचा असतो.

पाकिटातील मजकुराची भाषा ठरविण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आरोग्य नोंदींच्या मानकांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्थापन केलेले राष्ट्रीय केंद्र पुण्यातील ‘सी-डॅक’मध्ये आहे. ‘फायर’ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले भारतीय साचे या केंद्राने तयार केले आहेत. आजाराचे नाव कोणत्या रकान्यात, खर्चाची विभागणी कशी, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक कोठे, हे सारे त्यात निश्चित केलेले असते. एकाने ‘हार्ट अटॅक’ आणि दुसऱ्याने ‘एमआय’ लिहिले तरी ठरलेला सांकेतिक क्रमांक एकच असल्याने पलीकडच्या संगणकाला अर्थ कळतो.

एक तास आणि तीन तास

या पार्श्वभूमीवर नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाला महत्त्व येते. कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यावी, असे हे परिपत्रक सांगते. तीन तासांहून अधिक विलंब झाला आणि त्यापोटी रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर तो भुर्दंड कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा आहे. दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे रुग्णाकडून न मागता कंपनीने रुग्णालयाकडून मिळवावीत, असेही त्यात नमूद आहे.

मग तरीही रुग्णाला सायंकाळपर्यंत ताटकळावे का लागते? याचे एक उत्तर घड्याळ कधी सुरू होते, यात दडलेले आहे. तीन तास मोजायचे ते रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यापासून. डॉक्टर सकाळच्या फेरीत ‘आज घरी जा’ म्हणतात. त्यानंतर न वापरलेली औषधे परत होतात, तपासण्यांचे अहवाल गोळा होतात, डिस्चार्ज कार्ड टंकित होऊन त्यावर स्वाक्षरी होते, बिल तयार होते. यात दुपार उलटते. या काळाची नोंद कोठेच नसते. नातेवाईक विचारणा करतात, तेव्हा रुग्णालय कंपनीकडे बोट दाखविते आणि कंपनी रुग्णालयाकडे.

सामायिक एक्सचेंजचा सर्वांत मोठा उपयोग येथेच संभवतो. विनंती किती वाजता निघाली, शंका किती वाजता आली, उत्तर केव्हा गेले, याची नोंद प्रत्येक संदेशासोबत राहते आणि ती दोन्ही पक्षांहून निराळ्या व्यवस्थेतून गेलेली असते. विलंब कोणाचा, हा वादाचा विषय न राहता नोंदीचा विषय होतो. मात्र ही नोंद रुग्णालाही पाहता आली पाहिजे. ती केवळ कंपनी आणि रुग्णालय यांच्यातच राहिली, तर ताटकळणाऱ्या कुटुंबाला तिचा काहीच उपयोग नाही.

छोट्या रुग्णालयाचे गणित

एक्सचेंजमध्ये सामील होण्याबाबत विमा कंपन्यांच्या तुलनेत रुग्णालयांची पावले मंद आहेत. त्यामागे कारणे आहेत. शेकडो खाटांच्या रुग्णालयात स्वतंत्र संगणक विभाग असतो. तालुक्याच्या गावातील पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयात मात्र केसपेपर हाताने लिहिले जातात आणि बिल साध्या सॉफ्टवेअरवर निघते. एक्सचेंजला जोडायचे तर ते सॉफ्टवेअर बदलावे लागते, कर्मचाऱ्यांना सांकेतिक क्रमांक शिकवावे लागतात आणि रुग्णालयाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी लागते. हा खर्च भागावा म्हणून प्राधिकरणाने डिजिटल प्रोत्साहन योजनेत एक्सचेंजमार्फत जाणाऱ्या दाव्यांसाठी प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली. तरीही महिन्याला मोजकेच विमाधारक रुग्ण येणाऱ्या डॉक्टरला हा खटाटोप परवडेलच, असे नाही.

कराराच्या यादीत नसलेल्या रुग्णालयांतही कॅशलेस उपचार मिळावेत, यासाठी सर्वसाधारण विमा परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही मोहीम जाहीर केली. परंतु तालुक्यातील रुग्णालय विमा कंपनीच्या संगणकाशी बोलूच शकत नसेल, तर ही सवलत बहुतांशी कागदावरच राहते. मग कन्हेरीतील दुसऱ्या घरातील आईला जवळचे बारामती सोडून दूरचे पुणे गाठावे लागते, ते केवळ उपचारांसाठी नव्हे, तर कागदपत्रांसाठीही.

एकाच दाराचा धोका

सर्व माहिती एका दारातून जाऊ लागली, की त्या दाराची राखणही तितकीच कडेकोट असावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत दाव्यांची देवाणघेवाण करणाऱ्या ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशभरातील रुग्णालये व औषध दुकानांची देयके काही आठवडे खोळंबली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ला अशाच हल्ल्यामुळे पुन्हा कागद-पेनाकडे वळावे लागले होते. दार बंद पडले तर पर्यायी वाट कोणती, याचे उत्तर कोणत्याही मध्यवर्ती व्यवस्थेने आधीच तयार ठेवायला हवे.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा आहे. पाकीट वाटेत उघडले जात नसले, तरी ते विमा कंपनीकडे पोहोचल्यावर उघडतेच. आज दिलेली माहिती उद्या हप्ता वाढविण्यासाठी वापरली जाणार नाही ना, ही शंका रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची खरी कसोटी अशा ठिकाणी लागेल.

तोवर विमाधारकांनी काही गोष्टी स्वत: केलेल्या बऱ्या. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि पॉलिसी यांवरील नाव व जन्मतारीख सारखी करून घ्यावी. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर पूर्वमंजुरीची विनंती आधीच पाठविण्यास सांगावे. आणि डिस्चार्जच्या दिवशी ‘मंजुरी आली का’ एवढेच न विचारता ‘विनंती किती वाजता पाठविली’ हेही विचारावे. ती वेळ लिहून ठेवली, म्हणजे पुढे तक्रार करायची झाल्यास विलंब नेमका कोणाचा, हे दाखविता येईल.