‘हिट अँड रन’ : एका संज्ञेचा अर्थ आणि विम्याचा दावा

मोटार अपघातांच्या वृत्तांतून ‘हिट अँड रन’ ही इंग्रजी संज्ञा मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. मराठीत तिला एकशब्दी पर्याय रूढ झालेला नाही. ‘धडक देऊन पळून जाणे’ अशी फोड करूनच ती सांगावी लागते. या फोडीत दोन क्रिया असून दोहोंचाही कर्ता वाहनचालक आहे. साहजिकच, चालक पळाला की अपघात ‘हिट अँड रन’ ठरला, अशी सर्वसामान्य समजूत होते. विम्याच्या भरपाईच्या दृष्टीने मात्र ही समजूत अपुरी आहे, आणि प्रसंगी ती जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या कुटुंबाला फार महाग पडू शकते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 161 मध्ये या संज्ञेची व्याख्या दिली आहे. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकत नाही, अशा वाहनामुळे घडलेला अपघात, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत पळून जाण्याचा उल्लेखच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नाव पलायनाचे, पण व्याख्या वाहनाच्या अज्ञातपणाची, असा हा प्रकार आहे. याउलट, 2023 च्या भारतीय न्याय संहितेतील कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात भर पलायनावर दिलेला आहे. मृत्यूस कारणीभूत होऊन, पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना लागलीच खबर न देता निघून जाणाऱ्या चालकाला तेथे दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे पोटकलम मात्र वगळण्यात आले होते. चालकाच्या शिक्षेचा प्रश्न पलायनाशी निगडित आहे. पीडिताच्या भरपाईचा प्रश्न वाहनाच्या ओळखीशी निगडित आहे. हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे ठेवले पाहिजेत.

वाहन कोणते हे कळले, तर चालक सापडो वा न सापडो, भरपाईचा मुख्य मार्ग खुला होतो. कलम 146 अन्वये प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थ पक्षासाठी विमा उतरवणे सक्तीचे आहे. त्यामुळे वाहनाच्या क्रमांकावरून मालक आणि मालकावरून विमा कंपनी असा शोध घेता येतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. तेथे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती यांचा विचार करून रक्कम ठरते. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या खटपटीत पडावयाचे नसल्यास, कलम 164 अन्वये मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात.

वाहन अज्ञातच राहिले, तर कलम 161 चा मार्ग उरतो. तेथील रक्कम ठरीव आहे. 1982 साली ही तरतूद प्रथम कायद्यात आली, तेव्हा मृत्यूसाठी 5,000 आणि गंभीर दुखापतीसाठी 1,000 रुपये मिळत. 1994 च्या दुरुस्तीने हे आकडे 25,000 आणि 12,500 झाले. 1 एप्रिल 2022 पासून अमलात आलेल्या योजनेनुसार ते अनुक्रमे 2 लाख आणि 50,000 रुपये आहेत. कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाला न्यायाधिकरणाकडून जे मिळू शकते, त्याच्या मानाने ही रक्कम बहुधा अल्पच असते.

अशा वेळी फिर्यादीतील एका विशेषणाला केवढे महत्त्व येते, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, रात्रीच्या वेळी महामार्गावर एका दुचाकीस्वाराला मालमोटारीने धडक दिली. मागून येणाऱ्या इसमाने तिच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि मागील फळीचा निळा रंग पाहिला. ठाण्यात मात्र नेहमीच्या साच्यातील वाक्य लिहिले गेले : ‘अज्ञात वाहनावरील चालकाने भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून धडक दिली व खबर न देता पळून गेला.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘अज्ञात’ या विशेषणाने चार आकडे आणि निळा रंग दोन्ही पुसून टाकले. पुढे महिन्याभराने वाहनाचा क्रमांक पुढे आला, तर विमा कंपनी हेच वाक्य दाखवून म्हणते की, वाहन मागाहून गोवले आहे. म्हणून साक्षीदाराने जे पाहिले ते अपुरे असले तरी, जसेच्या तसे, पहिल्याच जबाबात नोंदवून घेतले पाहिजे. आणि जे पाहिले नाही ते अंदाजाने भरता कामा नये.

वाहनाचा शोध खरोखरच लागला नाही, तर 2022 च्या योजनेखालील अर्ज दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. त्यांच्या अहवालावरून जिल्हाधिकारी रक्कम मंजूर करतात आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिल ती अदा करते. ही योजना पुष्कळांना ठाऊकच नसते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये असा आदेश दिला की, अपघाताची नोंद झाल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील न मिळाल्यास पोलिसांनी पीडितांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. ही रक्कम स्वीकारल्याने मोठ्या दाव्याचा हक्क बुडत नाही. पुढे वाहन सापडून न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर आधी मिळालेली रक्कम तीतून वजा होते, इतकेच.

‘गंभीर दुखापत’ या शब्दाचीही तीच गत आहे. बोलण्यात गंभीर म्हणजे जिवावर बेतलेली. कायद्यात मात्र हाड मोडणे किंवा निखळणे, दात मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, इतकेच नव्हे तर पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा नित्याचे व्यवहार करता न येणे, हेही गंभीर दुखापतीतच मोडते. मनगटाचे हाड मोडलेला माणूस ‘तसे काही गंभीर नाही’ असे सौजन्याने सांगून आपला हक्क सोडतो. वैद्यकीय प्रमाणपत्रात अस्थिभंगाचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे त्याने पाहून घ्यावे.

राहता राहिला प्रश्न स्वतःच्या मोटारीचा. कलम 161 ची योजना मृत्यू आणि गंभीर दुखापत यांपुरतीच आहे. चेपलेल्या दाराचा खर्च तीतून मिळत नाही. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असलेल्या मालकाला स्वतःच्या कंपनीकडूनही तो मिळत नाही. विमा कंपनी आणि विमेदार हे कराराचे दोन पक्ष; त्यांच्याखेरीज जो तिसरा, तो त्रयस्थ. स्वतःच्या विमापत्राच्या दृष्टीने मालक त्रयस्थ होऊ शकत नाही. धडक देणाऱ्या वाहनाच्या विमापत्राच्या दृष्टीने तो त्रयस्थ असतो. परंतु त्यासाठी ते वाहन कोणते, हे कळावे लागते. सर्वसमावेशक विमा असल्यास मात्र धडक देणारा अज्ञात असला तरी भरपाई मागता येते. त्यासाठी गाडी दुरुस्तीला टाकण्यापूर्वी कंपनीला कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्वेक्षकाला नुकसान पाहू द्यावे. सक्तीची वजावट मालकाला सोसावी लागते आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत जाते. पाच वर्षे दावा न करणाऱ्याला ही सवलत 50 टक्क्यांपर्यंत मिळते. दोष दुसऱ्याचा असूनही ती जात असल्यामुळे, किरकोळ नुकसानीचा दावा करण्यापूर्वी हिशेब करून पाहणे श्रेयस्कर.

अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत माणसाचे चित्त ठिकाणावर नसते, आणि नेमक्या त्याच वेळी हे शब्द कागदावर उतरतात. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवण्यास सांगणे आणि तिची प्रत विनामूल्य मागून घेणे, हा फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. ‘चालक पळून गेला’ हे खरे असेल तर ते अवश्य लिहावे. परंतु ‘वाहन अज्ञात’ असे लिहिण्यापूर्वी ते कितपत अज्ञात आहे, हे विचारून घ्यावे. रंग, आकडे, दिशा, वेळ, रस्त्यावर पडलेला दिव्याचा तुकडा, जवळच्या पेट्रोलपंपावरील कॅमेरा, यांतील प्रत्येक तपशील त्या विशेषणाचे क्षेत्र थोडे थोडे कमी करीत जातो.