फौजदारसाहेब कोणाच्या पंक्तीला बसतात?

तालुक्याला नवे फौजदार बदलून आले, की चार दिवसांत गावोगाव त्यांची कुंडली मांडली जाते. ते कुठले, कोणत्या जातीचे, बाईसाहेब किराणा कोणाकडून आणतात, ही खबर पारावर आधी पोचते. वरवर या रिकाम्या गप्पा. पण गरजवंत माणूस त्यातून आपला हिशेब काढत असतो: 'माझी तक्रार हे ऐकून घेतील का?'

समजा, बांधावरून भावकीत मारामारी झाली. एकाचे डोके फुटले. त्याच आठवड्यात फौजदारसाहेब दुसऱ्या बाजूच्या घरी यात्रेचे मटण जेवून गेले. पुढे त्यांनी तपास चोख केला, तरी डोके फुटलेला म्हणणार, "ते तर त्यांच्याच ताटातले!" तो ठाण्याची पायरी चढणार नाही. साक्षीदारही मागे सरतील.

म्हणून सरकारने पोलिसाच्या खाजगी वागण्यालाही बांध घातला आहे. १९६६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याला राजकीय सभेत वा मोर्चात भाग घेता येत नाही. राज्याचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. त्यांप्रमाणे त्याला मत देता येते, पण ते कोणाला दिले हे सांगता येत नाही. जमीन घेतली-विकली तर वर कळवावे लागते. सहज घातलेले साधे जेवण ही भेट धरत नाहीत. पण ज्याचे काम आपल्याकडे आहे, त्याचा थाटाचा किंवा वरचेवरचा पाहुणचार टाळायचा असतो.

याची झळ घरच्यांना लागते. बाईसाहेब एका घरी हळदीकुंकवाला गेल्या, तर दुसरे घर रुसते. मुलांची शाळा बदलीगणिक बदलते.

सर्वांत अवघड जागा पोलीस पाटलाची. तो गावचाच; त्याची भावकी, त्याचा बांध गावातच. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याला शेती आणि गावात धंदा करायची मोकळीक आहे, मात्र कामात बाध येता कामा नये. चुलत्याचे बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरले, की त्याची खरी परीक्षा होते.

पोलिसाने देवाला जाऊ नये, माणसांत मिसळू नये, असे कोणी म्हणत नाही. रांगेत उभे राहून दर्शन घेणे वेगळे आणि पुढाऱ्याच्या गाडीतून येऊन मानाचा नारळ घेणे वेगळे.

मंडळी, आपणही थोडे सांभाळावे. साहेबांना जेवणाचा आग्रह धरू नये. 'साहेब आपलेच आहेत' असे चारचौघांत मिरवू नये. आणि साहेब कोणाच्याही पंक्तीला बसलेले दिसोत, आपली तक्रार अडवून ठेवू नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने नोंदवून घ्यायची असते आणि फिर्याद देणाऱ्याला तिची नक्कल फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. ठाण्याने नकार दिला, तर तीच हकिगत लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.